ट्रकचा पुढचा हँगर वारंवार तुटतोय? वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी शॅकल हलवून बघा

मागच्या कापसाच्या सीझनला आमच्या सहाचाकी गाडीचा पुढचा उजवा हँगर तीन वेळा तुटला. पहिल्यांदा दिवाळी झाल्या-झाल्या, दुसऱ्यांदा त्यानंतर बरोबर अकराव्या दिवशी, आणि तिसऱ्यांदा संक्रांतीच्या तोंडावर भर पांदणीत. दोन्ही अंगांनी तूर उभी, गाडी फिरवायला जागा नाही. हिंगणघाटच्या आसपासच्या गावांतून कापूस उचलायचा आणि जिनिंगला टाकायचा, हा आमचा धंदा. गाडी डांबरावर कमी आणि पांदणीत जास्त चालते. ज्यांच्या गाड्यांच्या नशिबी असेच रस्ते आहेत त्यांना हे दुखणं नवं नसेल. वेल्डिंग केलं, महिनाभर चाललं, पुन्हा तुटलं, असं ज्यांचं होत असेल त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पाटा म्हणजे एकावर एक पोलादी पानं रचलेली कमानदार स्प्रिंग, आणि चेसिस म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. हँगर म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जिथे पिननं अडकवलेलं असतं तो लोखंडी कान. पाट्याचं एक टोक पक्कं असतं आणि दुसरं झुलत्या कडीवर, म्हणजे शॅकलवर. आमच्या गाडीत पुढचं टोक पक्कं आहे, मागचं शॅकलवर. काही गाड्यांत उलटं असतं, आपली पाहून घ्या. शॅकल कशासाठी, तर पाटा कमानीसारखा वाकलेला असतो; वजन आलं, खड्डा लागला की तो सपाट होतो आणि सपाट झाला की त्याची लांबी वाढते. ती वाढलेली लांबी शॅकल मागे झुकून सामावून घेतो. इतकं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता पांदण काय करते ते बघा. काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. पावसाळ्यात ट्रॅक्टरनी पाडलेल्या चाकोऱ्या दिवाळीपर्यंत अशा कडक होतात की सबल मारली तर टणकन उलटते. त्यात ट्रॅक्टरची चाकोरी आपल्या गाडीच्या मापाची नसतेच. एक चाक चाकोरीत, दुसरं वरंब्यावर, नाहीतर थेट कोणाच्या धुऱ्यावर. समोरचं उजवं चाक खाली आणि मागचं डावं चाक खाली असं झालं की अख्खी चेसिस ओल्या पंच्यासारखी पिळली जाते. वर कापूस. काट्यावर तो हलका भरतो, पण ताडपत्रीखाली कॅबिनच्या वर चार-पाच फूट चढलेला असतो. गाडी डुलली की तो सगळा डोलारा एका बाजूच्या पाट्यावर येऊन बसतो. आणि खड्ड्यात उतरताना ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर! ब्रेक लागला की चाक अडतं, चेसिस पुढे जाऊ पाहते, आणि ती सगळी ओढ पाट्यातून पक्क्या टोकाच्या हँगरवर जाते. म्हणून ब्रेक खड्ड्याच्या आधी मारायचा आणि चाक उतरताना सोडून द्यायचा. हे मला माहीत होतं. माझ्या ड्रायव्हरलाही माहीत होतं. तरीही हँगर तुटतच होता.

पहिल्यांदा तुटला तेव्हा गावातल्याच वेल्डिंगवाल्याकडे गेलो. सातशे रुपये, अर्धा तास, आणि "आता बाकीची गाडी तुटन, हे नाही तुटनार" असा भरवसा. अकराव्या दिवशी तुटला तो वेल्डिंगच्या अगदी शेजारून, जणू कोणी करवतीनं कापला. कारण साधं आहे. आमचा हँगर ओतीव होता. बाहेरून खरबरीत पोत आणि मधोमध साच्याची उभी रेघ दिसली की समजायचं ओतीव आहे. अशा लोखंडाला साध्या रॉडनं टाका मारला की शेजारची कड भाजून काचेसारखी ठिसूळ होते. ओतीव हँगर तुटला की नवाच घालायचा, दुसरा मार्ग शोधत बसायचं नाही.

दुसऱ्यांदा शहाणपणा केला आणि नागपूरहून नवा हँगर आणला. पण बसवताना जुने रिव्हेट गॅस कटरनं उडवले, भोकं लांबट झाली, त्यात हार्डवेअरच्या दुकानातले बिनमार्कीचे बोल्ट घातले आणि वर "हलायला नको" म्हणून हँगरच्या चारी बाजूंनी चेसिसला वेल्डिंग मारलं. एका कामात चार चुका. हा जुगाड संक्रांतीपर्यंत टिकला. मग दोन बोल्ट कापले गेले आणि वेल्डिंगच्या कडेपासून चेसिसच्या उभ्या पट्टीत बोटभर लांब तडा गेला. आता दुखणं हँगरचं राहिलं नाही, चेसिसचं झालं.

नागपूर-हैदराबाद हायवेवर एक जुनं गॅरेज आहे. तिथले चाचा चाळीसेक वर्षं फक्त पाटे आणि चेसिसचं काम करतात. त्यांनी तुटलेल्या हँगरकडे पाहिलंसुद्धा नाही. पोराला चेसिसखाली जॅक लावायला सांगितला. गाडी हळूहळू उचलली, चाक जमिनीवरून सुटायला आलं. पाट्यावरचा भार गेला की तो पुन्हा कमानदार होतो, आणि त्याबरोबर शॅकल झुलून जागा बदलतो. आमच्या उजव्या बाजूचा शॅकल जागचा हलला नाही. चाचांनी टामी घातली, जोर लावला. तरी नाही. मग डावीकडे गेले, तिथे हाताच्या झटक्यानं शॅकल हलला.

"हे पाह्य बाबू," ते म्हणाले, "पाटा लांब व्हायले पाहून रायला आन् तुमी त्याले दोन्हीकून बांधून ठेवलं. मंग तो कान नाही तोडन त काय करन?"

"पण चाचा, ग्रीस तर दर पंधरा दिवसांनी मारतो आम्ही."

"मारता. पन जाते कुठं?"

त्यांनी ग्रीसचं निपल, म्हणजे ग्रीस भरायची तोटी, पान्यानं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. त्याच्या मागच्या भोकातून टोच्यानं काळ्या मातीचा एक तुकडा निघाला, पाटीवरच्या पेन्सिलीसारखा टणक आणि तितकाच गोल. म्हणजे वर्षभर ग्रीसगन दाबली की ग्रीस निपलच्या बाजूनं फुसकन बाहेर यायचं, पोरगा ते फडक्यानं पुसायचा आणि काम झालं म्हणायचा. पिनपर्यंत थेंबही जात नव्हता. पिन बाहेर काढायला डिझेलमध्ये भिजवून ठेवावी लागली आणि मग घणाचे बरेच घाव. निघाली तेव्हा एका अंगाला निळसर भाजलेली, दुसऱ्या अंगाला नख अडकेल असा खड्डा पडलेला. बुश, म्हणजे पिनभोवतीची नळी, तर लंबगोल झालेलं.

यात आमचाही हात होता. दोन वर्षांपूर्वी गाडी उजवीकडे बसते म्हणून पाट्यात एक जादा पान घातलं होतं. पान वाढलं की पाटा कडक होतो, झटका गिळायच्या ऐवजी जसाच्या तसा हँगरला पोचवतो. गाडी बसत होती ती जुनी पानं थकल्यामुळे. उत्तर होतं पाटे कमानीला देणं किंवा बदलणं, आणि आम्ही पान वाढवून मोकळे झालो. २०१८ साली केंद्र सरकारनं दोन एक्सलच्या ट्रकची वजनमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन केली, तेव्हापासून जुन्या गाड्यांतही जादा पान टाकायची हौस फार वाढलेली दिसते. कागदावरची मर्यादा वाढली म्हणून जुन्या हँगरचं लोखंड जाड होत नाही.

आपल्या गाडीचं नेमकं काय दुखतंय ते घरीच बघता येतं. आधी गाडी सपाट जागी उभी करा, मागच्या चाकांना दोन्हीकडून उटी लावा, आणि चेसिस उचलल्यावर लाकडी ठोकळ्यांवर टेकवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरायचं नाही. विटांवर तर नाहीच, वीट इशारा न देता फुटते. मग चाचांनी केली तीच शॅकलची परीक्षा करा. शॅकल हलत नसेल तर रोग तिथे आहे, हँगर नंतर बघा.

शॅकल मोकळा असेल तर यू-बोल्ट, म्हणजे पाटा एक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट, बघा. पाटा आणि एक्सल जिथे एकमेकांवर बसतात तिथे चकचकीत घासल्याची खूण दिसली तर यू-बोल्ट ढिले आहेत. ढिल्या यू-बोल्टमुळे पानं मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट कापला जातो आणि एक्सल मागे सरकतो. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं धरावं लागणं ही त्याचीच एक खूण. मेजर टेप घ्या, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंचं माप घ्या. आमचा फरक १४ मिलिमीटर निघाला. माप घेताना पुढची चाकं सरळ हवीत, नाहीतर आकडा फसवतो.

मग रिव्हेट. हँगरच्या रिव्हेटभोवती लालसर भुकटीचं कडं दिसतं का ते सकाळच्या उजेडात पाहा. दोन लोखंडं एकमेकांवर बारीक घासली की ही भुकटी पडते, आणि ती दिसली म्हणजे रिव्हेट ढिला झालाच. हातोडीनं टोला मारून एक बोट रिव्हेटच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. घट्ट रिव्हेट ठणकतो, ढिला असेल तर बोटाला थरथर लागते.

केसासारखा बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. त्याला जुना उपाय आहे. जागा तारेच्या ब्रशनं घासून स्वच्छ करा, रॉकेल लावा, रॉकेल नसेल तर डिझेल. दहा मिनिटं थांबा, फडक्यानं कोरडं पुसा आणि वरून खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत शिरलेलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळसर रेघ उमटते. आमच्या चेसिसचा तडा मला बोटभर वाटला होता. खडूवर तो त्याच्या दुप्पट निघाला.

आता दुरुस्ती. तडा चेसिसमध्ये गेला असेल तर हे काम गावच्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेऊ नका. तो वाईट कारागीर असतो असं नाही. त्याच्याकडे एसीचं साधं मशीन आणि ६०१३ चा रॉड असतो, ग्रिल आणि गेटसाठी ते पुरेसं असतं. चेसिसला लागतो ७०१८ चा रॉड, आणि तो नीट चालायला डीसी मशीन हवं. शिवाय रॉड कोरडा हवा. पावसाळ्यात उघड्या पाकिटातला ७०१८ ओल धरतो, ती ओल वेल्डिंगच्या पोटात हायड्रोजन सोडते आणि टाका मारल्यानंतर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी आतून तडा जातो. चाचा रॉड भट्टीत तापवूनच घेतात आणि तापवल्यावर बंद डब्यात ठेवतात. मिस्त्रीला "रॉड तापवलेला आहे का" एवढं विचारलं तरी तो कोणत्या दर्जाचं काम करतो ते कळतं.

तड्याच्या अगदी टोकाशी ६ मिलिमीटरचं भोक पाडायचं, म्हणजे तडा पुढे धावत नाही. टोक खडूनं शोधलेलं असावं, अंदाजानं नाही. मग ग्राइंडरनं तड्याची व्ही आकाराची खाच काढायची, थोडी ऊब द्यायची, थोडं थोडं भरायचं आणि वरचा उंचवटा घासून सपाट करायचा. त्यावर आतून जोडपट्टी. पट्टीची टोकं सरळ उभी कापू नका, तिरपी कापा. सरळ कापली तर सगळा ताण एका उभ्या रेघेत येतो आणि पुढचा तडा नेमका पट्टीच्या कडेला पडतो. चेसिसच्या वरच्या-खालच्या आडव्या ओठांवर ना वेल्डिंग करायचं, ना भोक पाडायचं. सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो. आमच्या आधीच्या मिस्त्रीनं नेमकं तिथेच टाके मारले होते.

वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढा. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्या असतील तर ईसीयूचे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचे, प्लगही काढून ठेवा, नाहीतर हँगरच्या कामात ईसीयूचा बळी जाईल. आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जवळ, घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर लावा. मागच्या चाकाजवळ लावला तर करंट बेअरिंगमधून जातो.

हँगर नवा आणि बोल्टनं बसवायचा. जुन्या रिव्हेटचं डोकं ग्राइंडरनं घासून, ड्रिलनं पोखरून पंचनं बाहेर काढायचं, गॅस नको. आमची भोकं लांबट झाली होती, म्हणून हँगर जागेवर शिकंजानं आवळून दोन्हींत एकदमच रीमर फिरवला आणि १६ मिलिमीटरचे बोल्ट घट्ट बसतील अशी गोल केली. बोल्टच्या डोक्यावर १०.९ अशी खूण हवी. पहिला आकडा सांगतो की बोल्ट चौरस मिलिमीटरला सुमारे १००० न्यूटनपर्यंत तुटत नाही, आणि .९ म्हणजे त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत तो ताणून लांब होत नाही. डोक्यावर काहीच नसेल तर तो बोल्ट कुंपणाला वापरा. खाली कडक वॉशर, वर लॉकनट.

यू-बोल्ट एकदा खोलला की पुन्हा वापरू नका, त्याचे आटे ताणलेले असतात. किती आवळायचा तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. टॉर्कचा पाना नसेल तर हिशेब असा : पान्याला पाइप लावून नटच्या मध्यापासून १ मीटरवर धरलं आणि २० किलोचा जोर दिला, की २० किलोग्रॅम-मीटर म्हणजे साधारण १९६ न्यूटन-मीटर होतात. जोर मोजायला कापसाचा तोलकाटा हुकाला लावून ओढा. चाचांचा पोरगा असंच करतो, हसू नका. चारही नट थोडे थोडे, आडवे-तिडवे आवळायचे.

पितळी बुश आणि ग्रीसची पिन असेल तर ग्रीस मारताना चेसिस उचलून पाट्यावरचा भार काढा. भार असताना पिनचं एक अंग बुशला चिकटलेलं असतं, तिथे ग्रीस जातच नाही. ग्रीस पिनच्या दोन्ही कडांनी बाहेर आलं पाहिजे. निपलच्या मुळाशी आलं तर निपल काढून बघा. तुमच्या गाडीत रबरी बुश असेल तर मात्र ग्रीस लावू नका, रबर फुगून कुजतं, आणि त्याचा बोल्ट चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन येऊ देऊन शेवटचा आवळा. हवेत आवळला तर रबर कायम पिळलेलं राहतं.

पांदणीतच तुटला तर काय, हे बरेच जण विचारतात. आम्ही कापूस दुसऱ्या गाडीत भरला, चेसिस उचलून पाटा आणि चेसिसच्या मध्ये बाभळीचा ठोकळा घालून साखळीनं बांधला, एक्सल मागे जाऊ नये म्हणून साखळीनं पुढच्या क्रॉस मेंबरला, म्हणजे चेसिसच्या आडव्या दांड्याला, ताणून धरला, ब्रेकचा होज ओढला जात नाही ना ते पाहिलं, आणि माणूस चालेल त्या वेगानं डांबरापर्यंत आलो. तिथून पुढे ओढूनच नेली. स्टेअरिंगचा दांडा वाकला असेल किंवा चाक फिरवताना अडत असेल तर एवढंही करू नका.

आणि गाडी गाऱ्यात फसली की जेसीबीवाला सगळ्यात आधी साखळी कुठे अडकवतो? हँगरला, नाहीतर पाट्याला. कारण ते हाताशी असतं. वर ढिली साखळी झटक्यानं ओढतो. माझा अंदाज असा की आमच्या हँगरचा पहिला बारीक तडा आदल्या पावसाळ्यात असाच पडला असावा. साखळी चेसिसच्या टोइंग हुकालाच लावायची, आधी ताणून घ्यायची, मग ओढायची. जेसीबीवाला चिडतो, चिडू द्या.

काम झाल्यावर चाकांचं अलाइनमेंट करून घ्या, आणि ५०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळा. आमचे यू-बोल्ट पाव फेरा सरकले. जादा पान काढून टाकलं, पाटे नव्यानं कमानीला दिले. त्यानंतर उरलेला सीझन आणि उन्हाळ्यातली हरभऱ्याची वाहतूक झाली, उजवा हँगर जागेवर आहे. काल गाडी धुतल्यावर डाव्या हँगरच्या खालच्या रिव्हेटभोवती मात्र लाल भुकटीचं कडं दिसलं. खडू लावून पाहिला, अजून रेघ नाही. तान्हा पोळा झाला की ती बाजू उघडायची आहे.